आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला!

गाडीने पिकअप सोडलाय, चढावर दम खातेय, सकाळी स्टार्ट करायला तीन-तीनदा सेल्फ मारावा लागतोय. अशा वेळी तुमच्या ग्रुपमध्ये पहिलं वाक्य कुठलं येतं? ‘पंप गेला असेल.’ दुसरं? ‘नोझल बदलून टाक.’ तिसरं? ‘माझ्या ओळखीचा एक आहे, स्वस्तात करून देईल.’ या सगळ्या गदारोळात ‘प्रेशर किती येतंय, मोजलंस का?’ असं विचारणारा क्वचितच कुणी सापडतो.

आज बोलूया त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल. टाकीतून इंजिनपर्यंत जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर पडलं, तर ते नेमकं कुठे पडलं हे शोधायचं कसं? त्यासाठी एक जगप्रसिद्ध केस घेऊ. गाडी अमेरिकेतली आहे, पण तिच्या इंजिनचं पुण्याशी जवळचं नातं आहे.

कमिन्सवाली डॉज

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटलं की आपला दहा चाकी मालट्रक डोळ्यासमोर आणू नका. तिथे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाच ट्रक म्हणतात. शेतकरी, बांधकामवाले, घोड्यांचा ट्रेलर ओढणारे, सगळ्यांची ती कामाची गाडी. १९८९ पासून डॉज कंपनीच्या मोठ्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन मिळू लागलं आणि या गाडीचा एक वेगळाच चाहतावर्ग तयार झाला.

हो, तेच कमिन्स. पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत ज्यांचा कारखाना उभा राहिला आणि कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनीअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते. याच ‘बी सिरीज’ घराण्यातली इंजिनं जमशेदपूरला टाटा कमिन्समध्ये बनून आपल्या हायवेवरच्या ट्रकमध्येही धावली. त्यामुळे ही गोष्ट वाटते तितकी परकी नाही.

१९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या डॉजमध्ये या इंजिनला सिलिंडरमागे चार, म्हणजे एकूण २४ व्हॉल्व्ह आले आणि बॉशचा ‘व्हीपी ४४’ नावाचा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पंप आला. कंपनीतून निघताना इंजिनची ताकद साधारण २१५ ते २४५ हॉर्सपॉवर. आज ही मॉडेल्स जुनी झालीत, म्हणून तिथल्या तरुण पोरांच्या बजेटमध्ये बसतात. मग सुरू होतं मॉडिफिकेशन. जास्त डिझेल मागवणारा ट्यूनिंग बॉक्स, मोठे इंजेक्टर, मोठा टर्बो. ताकद वाढते, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो, मित्र टाळ्या वाजवतात. आणि एक दिवस गाडी रस्त्यात बंद पडते.

मेला कोण, मारलं कोणी?

डिझेलचा प्रवास बघा. टाकी, तिथून इंजिनच्या बाजूला बसवलेला छोटा इलेक्ट्रिक पंप, मग फिल्टर, मग व्हीपी ४४ आणि शेवटी सहा इंजेक्टर. त्या छोट्या पंपाला तिकडे ‘लिफ्ट पंप’ म्हणतात, आपल्या गॅरेजमध्ये ‘फीड पंप’. त्याचं काम हमालीचं: टाकीतून डिझेल ओढायचं आणि पुढे ढकलायचं. फार प्रेशरही लागत नाही. इंजिन आयडल असताना १० ते १५ पीएसआय. कारच्या टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो, त्याच्या निम्मंही नाही.

मग अडचण कुठे? व्हीपी ४४ ला इंजिन ऑइल मिळत नाही. त्याच्या आतले भाग वंगण म्हणून आणि थंडाव्यासाठीही डिझेलच वापरतात. त्याच्या डोक्यावर बसवलेला इलेक्ट्रॉनिक्सचा डबाही त्याच डिझेलवर थंड राहतो. म्हणून पंपाकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त डिझेल पाठवलं जातं आणि उरलेलं टाकीत परत येतं. फीड पंप थकला की पुरवठा कमी होतो. मॉडिफाय केलेलं इंजिन मिळेल ते डिझेल पिऊन टाकतं, त्यामुळे थंडाव्याला उरतं आणखी कमी. मोठा पंप आतून तापतो, घासतो आणि शेवटी जातो.

सगळ्यात वाईट भाग हा की डॅशबोर्डवर याचा पत्ताच लागत नाही. या गाडीला कंपनीकडून फीड प्रेशरचं मीटर नाही. फीड पंप महिनोन् महिने निम्म्या प्रेशरवर चालत राहतो आणि मालकाला कळतं तेव्हा ‘पी ०२१६’ हा कोड आलेला असतो. अर्थ, इंजेक्शन पंपाचं टायमिंग बिघडलं. मालक हजार डॉलरच्या पुढचा व्हीपी ४४ नवा बसवतो, फीड पंप तोच ठेवतो आणि काही महिन्यांनी नवा पंपही त्याच वाटेने जातो.

आपल्याकडे म्हण आहेच, आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. इथे तर खरोखरच इंजेक्शनचा मामला आहे!

आधी मीटर, मग पाना

समजा अशी गाडी तुमच्यासमोर उभी आहे. पाना उचलण्याआधी प्रेशर मीटर लावा. कुठे? फिल्टरनंतर आणि व्हीपी ४४ च्या आधी, कारण पंपाला प्रत्यक्षात काय मिळतंय ते तिथेच कळतं. डिझेलने भरलेली नळी थेट केबिनमध्ये आणू नका. ती फुटली किंवा सुटली तर डिझेल तुमच्या मांडीवर येईल. इलेक्ट्रिक सेन्सर वापरा किंवा मीटर काचेबाहेर बांधून टेस्ट करा. पंपाच्या ठोक्यांनी काटा थरथरतो, त्यासाठी मीटरच्या नळीत छोटा व्हॉल्व्ह घालून वाट अरुंद करा.

आता तीन रीडिंग घ्या: आयडलला, एकसारख्या वेगात आणि चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून. शेवटचं रीडिंग एकट्याने घ्यायचं नाही. एक जण गाडी चालवेल, दुसरा मीटर बघेल. या गाडीचा एक स्वभावही लक्षात ठेवा. स्टार्टर फिरत असताना इंजिनचा कॉम्प्युटर फीड पंप मुद्दाम कमी चालवतो. तेव्हाचं कमी रीडिंग बघून पंपाला मृत घोषित करू नका.

तीन आकडे हातात आले की चित्र बोलायला लागतं.

आयडललाही कमी आणि लोडवरही कमी? मग संशय फीड पंपावर, त्याच्या वायरिंगवर किंवा नळीतून शिरणाऱ्या हवेवर.

आयडलला झकास १४, पण पूर्ण लोडवर ४? मग वाटेत कुठेतरी अडथळा असण्याची शक्यता मोठी. नळीतून वाहणारं डिझेल दुप्पट झालं की अडथळ्यावर वाया जाणारं प्रेशर जवळपास चौपट होऊ शकतं. म्हणून आयडलला लपलेला चोर चढावर सापडतो. लोडवर ५ पीएसआयच्या खाली काटा गेला तर व्हीपी ४४ धोक्यात आहे, असं समजून गाडी तिथेच थांबवा.

सुरुवातीला ठीक, पण अर्ध्या तासाने हळूहळू उतरतं? टाकीचं झाकण सैल करून बघा. प्रेशर परत आलं तर टाकीचा हवेचा मार्ग बंद झालाय आणि आत व्हॅक्यूम होतोय. नाही आलं तर गरम झाल्यावर पंप दमतोय का, ते बघा.

काटा वेडावाकडा उडतोय? गाडीने हवा घेतली असेल.

अर्धं-अर्धं करत जा

कॉम्प्युटरवाल्यांनो, ही तुमची बायनरी सर्च आहे. पुढे टोकाला इंजेक्शन पंप, मागे टोकाला टाकी. मधून सुरुवात करा आणि प्रत्येक टेस्टमध्ये निम्म्या शक्यता उडवा.

पहिला मधला बिंदू फिल्टर. फिल्टरच्या आधी १२ आणि नंतर ५ असेल तर फिल्टर चोंदलाय. दोन्हीकडे ५ असेल तर फिल्टर निर्दोष, मागे सरका. एवढी एक टेस्ट केली तरी अर्धा इंजिन बे डोक्यातून वजा होतो.

दुसरी टेस्ट जुन्या गॅरेजवाल्यांची लाडकी. फीड पंपाची येणारी नळी टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. प्रेशर सुधारलं? मग दोष टाकीकडच्या बाजूला: आतली जाळी कचऱ्याने भरलीय, नळी दबलीय किंवा जुना रबरी होज आतून सुटून झडपेसारखा वाट अडवतोय. बाहेरून असा होज नवा कोरा दिसतो, हे लक्षात ठेवा. सुधारलं नाही? टाकी निर्दोष, पंपाकडे बघा. ही टेस्ट गाडी उभी असतानाच करायची. डिझेलचा कॅन घेऊन रस्त्यावर जायचं नाही.

इथे एक फसवी गोष्ट आहे. पंपाच्या पुढच्या नळीत गळती असेल तर डिझेल बाहेर टपकतं, सगळ्यांना दिसतं. पंपाच्या मागच्या नळीत गळती असेल तर बाहेर थेंबही पडत नाही, कारण पंप ओढत असतो आणि भेगेतून हवा आत जाते. जमीन कोरडी आहे म्हणून लीक नाही, असं समजू नका. त्या भागात थोडा वेळ पारदर्शक, डिझेल सोसणारी नळी लावा. बुडबुडे दिसले की वाद संपला.

तिसरा टप्पा वीज. मल्टिमीटर घ्या आणि पंप चालू असताना, थेट पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११ मिळत असतील तर जवळपास तीन व्होल्ट वायर, गंजलेला जोड किंवा खराब अर्थिंगने खाल्ले. बिचारा पंप उपाशीपोटी काम करतोय, त्याला बदलून काय होणार? पंप बंद असताना मोजलंत तर आकडा छान दिसेल, कारण करंटच वाहत नाही. ओहमचा नियम बारावीत पाठ केला होता तो याचसाठी.

चौथा टप्पा मात्रा. प्रेशर आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटाने नळाचं तोंड दाबलं की धार जोरात येते, पण बादली भरत नाही. तसंच थकलेला पंप बंद नळीवर चांगलं प्रेशर दाखवू शकतो. म्हणून ठरावीक सेकंद पंप चालवून मोजपात्रात किती डिझेल येतं ते बघायचं आणि सर्व्हिस मॅन्युअलशी ताडायचं. या डॉजमध्ये किल्ली क्षणभर स्टार्टला नेऊन सोडली की इंजिन सुरू न होता फीड पंप सुमारे २५ सेकंद चालतो. टेस्टसाठी तेवढा वेळ पुरतो.

हे चारही टप्पे पार केल्यावर पंपच दोषी निघाला, तर खुशाल बदला. आता तुम्ही अंदाजाने नाही, पुराव्याने बदलताय.

मोठा पंप लावला की झालं?

मॉडिफाय करणाऱ्यांचा आवडता उपाय म्हणजे ‘भारीतला पंप टाक’. कधीकधी तो बरोबरही असतो. पण मूळ गाडीच्या नळ्यांना जोडणारे बँजो बोल्ट आतून अरुंद आहेत. मधून भोक पाडलेल्या बोल्टातून डिझेल काटकोनात वळतं आणि वळताना प्रेशर हरवतं. दुप्पट ताकदीचा पंप लावून वाट तीच ठेवली, तर गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर आणखी दोन लोकल रिकाम्या केल्यासारखं होतं. म्हणून जाणकार आधी नळ्या आणि जोड मोठे करतात. फीड पंप इंजिनवरून काढून टाकीजवळ चॅसीवर बसवतात, कारण पंपाला लांबून ओढणं जड जातं, ढकलणं सोपं.

उलटाही धोका आहे. मोठा पंप, पण परतीची वाट लहान, तर आयडलला प्रेशर मर्यादेबाहेर चढतं आणि सील त्रास देऊ लागतात. म्हणजे रेग्युलेटरही हवा. पंपाला बॅटरीवरून थेट जाड वायर दिली तर व्होल्टेज सुधारतं, पण मध्ये रिले घाला आणि तो रिले कॉम्प्युटरच्या मूळ वायरीनेच चालू-बंद होऊ द्या. नाहीतर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप फुटक्या नळीतून डिझेल ओतत राहील.

आणि हो, जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय इथे नको. तिचा तुटलेला तुकडा थेट पुढच्या पंपात जातो.

पेट्रोलवाल्यांसाठी गणित

फॉर्म्युला भारतच्या टीममध्ये असाल तर तुमचं इंजिन बहुधा मोटरसायकलचं, पेट्रोलवर चालणारं. नियम तोच, शिक्षा वेगळी. इंजेक्टरमधून जाणारं इंधन प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. समजा इंजेक्टरवर ५८ पीएसआय हवं आणि येतंय ४०. भागाकार ०.६९, त्याचं वर्गमूळ ०.८३. म्हणजे तेवढ्याच वेळात १७ टक्के पेट्रोल कमी. डिझेल कमी पडलं तर इंजिनची ताकद घटते. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण लीन होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन वितळूही शकतो. लॅपटॉपवर मॅप बदलत बसण्याआधी प्रेशर बघायचं ते यासाठी. ईसीयूला वाटतं ५८ येतंय, तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवता आणि दोघंही चुकता.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्युएल इंजेक्शनचं इंजिन टाकणाऱ्यांचीही गोची इथेच होते. कार्ब्युरेटरला ५-६ पीएसआय पुरतं, इंजेक्शनला त्याच्या आठ-दहापट लागतं. जुना पंप, जुना होज, जुन्या क्लिपा, सगळं बदलावं लागतं. कार्ब्युरेटरचा होज इंजेक्शनच्या प्रेशरवर फुटला तर पेट्रोलचा फवारा तापलेल्या सायलेन्सर पाइपवर पडतो. पुढचं सांगायला नको.

इथे हात घालू नका

आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक डिझेल एसयूव्हीत, दोन वेगळे भाग असतात. टाकी ते हाय प्रेशर पंप हा कमी प्रेशरचा भाग. वरच्या सगळ्या टेस्ट तिथे तशाच लागू पडतात, फक्त आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधले घ्यायचे. त्यापुढच्या रेलमध्ये मात्र प्रेशर हजार बारच्या वर जातं. २००३ च्या डॉजमध्येच ते सुमारे १६०० बार होतं, म्हणजे २३ हजार पीएसआय. तिथे चालू इंजिनवर नट सैल करणं, लीक शोधायला बोट फिरवणं, हे कधीच नाही. केसासारखी बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत ऊती मरत असतात. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही. तडक हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना ‘हाय प्रेशर डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगायचं.

या भागाचं निदान स्कॅनरने होतं. कॉम्प्युटरने मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष आलेलं, दोन्ही शेजारी लावून बघायचं. ‘पी ००८७’ कोड म्हणजे रेल प्रेशर कमी. लगेच हाय प्रेशर पंपाचं कोटेशन मागवू नका. आधी फिल्टर, हवा, फीड. मग इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या छोट्या बाटल्यांत सोडून कुठला इंजेक्टर जास्त डिझेल मागे पाठवतोय ते मेकॅनिककडून बघून घ्या. चार बाटल्यांतली एकच भराभर भरत असेल, तर चोर पकडला गेला.

आणि कायद्याचं काय?

अमेरिकेतल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून हात शिवशिवतात, मान्य. पण आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. वॉरंटी आणि इन्शुरन्सचा क्लेम अडकतो तो वेगळाच. प्रयोग करायची हौस असेल तर कॉलेजची टीम, वर्कशॉप आणि रेस ट्रॅक ही त्याची जागा. तिथे चुकायलाही परवानगी असते आणि शिकवायला सरही असतात.

निदानाला मात्र कुठल्याही परवानगीची गरज नाही. प्रेशर मीटर, मल्टिमीटर, हातभर पारदर्शक नळी आणि एक वही, एवढंच सामान. वहीत पहिलं पान आजच लिहा, गाडी ठणठणीत असताना. आयडलला किती, वेगात किती, चढावर किती, पंपावर व्होल्ट किती, फिल्टर कधी बदलला. गाडी बिघडेल तेव्हा तुलना करायला तुमच्याकडे तिचाच चांगला दिवस असेल. आणि ग्रुपमध्ये कुणी ‘पंप गेला असेल’ म्हणालं, की फक्त विचारा, ‘किती येतंय प्रेशर?’